भोपाळच्या रुग्णांची नोंदवही

भोपाळच्या विषवायूच्या दुर्घटनेविषयी आजवर पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. कारखाना कोणाचा, दोष कोणाचा, भरपाई किती, या प्रश्नांवर न्यायालयांचे निकाल झाले, ग्रंथ झाले, चित्रपटही निघाले. त्या मानाने एका प्रश्नाकडे सामान्य वाचकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. ज्या द्रव्याची मानवी शरीरावर काय क्रिया होते हे जगात फारच थोड्यांना ठाऊक होते, त्या द्रव्याने एका रात्रीत आजारी पडलेल्या लाखो माणसांवर उपचार कोणते करावयाचे, आणि उपचार करता करताच त्या रोगाचे ज्ञान कसे मिळवावयाचे, हा तो प्रश्न होय. डोळा, त्वचा आणि कर्करोग या तीन बाबतींत भोपाळमध्ये या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. डोळ्याचे उत्तर काही महिन्यांत हाती आले, त्वचेचे नीट शोधलेच गेले नाही, आणि कर्करोगाचे उत्तर चाळीस वर्षांनंतरही अपुरेच आहे. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री उत्तर भोपाळातील युनियन कार्बाइड कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. त्या टाकीत सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट साठविलेले होते. हा द्रव 39 अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि पाण्याशी संयोग होताना स्वतःच उष्णता निर्माण करतो. टाकी तापली, दाब वाढला आणि मध्यरात्रीनंतर वायूचा लोट बाहेर पडला. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरत गेली. कारखान्यासमोरचे जयप्रकाश नगर, काझी कँप, चांदबड, रेल्वेची वसाहत या भागांत लोक झोपेतून जागे झाले ते खोकल्याच्या उबळीने आणि डोळ्यांच्या आगीने. शेजारी कोणी मिरच्या जाळीत असावे असे आपल्याला प्रथम वाटले, ही आठवण नंतर शेकडो लोकांनी सांगितली आहे. सरकारी दप्तरात मृतांचा आकडा पुढे 5,295 असा नोंदला गेला. इतरांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. त्या वेळी भोपाळची लोकसंख्या 8,32,904 होती, आणि नगरपालिकेच्या 56 प्रभागांपैकी ज्या 36 प्रभागांत वायू पोहोचला त्यांत 5,21,262 लोक राहत होते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ठरविले.

यांतील हजारो लोक पहाटेपर्यंत हमीदिया रुग्णालयाच्या आवारात येऊन पडले होते. नवाब हमीदुल्लाखान यांच्या नावाचे हे रुग्णालय 1955 मध्ये स्थापन झालेल्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तेथल्या डॉक्टरांना वायूचे नावही आरंभी कळले नव्हते. कारखान्याकडून मिळालेली माहिती एवढीच की हा वायू डोळ्यांची आग करणारा आहे, पाण्याने डोळे धुवावेत, ओले फडके तोंडावर धरावे. शवागारात प्रेते येतच होती.

अर्थात कारखान्याखेरीज दुसरीकडे विचारले असते तरी फार काही हाती लागले नसते. मिथिल आयसोसायनेटच्या विषारीपणाविषयी 1984 पूर्वी प्रसिद्ध झालेले शास्त्रीय लेखन मोजकेच होते. त्यांतील प्रमुख लेख जर्मनीत 1964 मध्ये किमर्ले आणि एबेन या दोघा संशोधकांनी लिहिला होता. त्यांनी प्राण्यांबरोबरच काही स्वयंसेवकांनाही मिनिटभर ते पाच मिनिटे अत्यल्प वायूच्या सान्निध्यात बसविले. हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग वायू असताना कोणाला वास आला नाही, पण डोळ्यांतून पाणी आले आणि नाक चुरचुरले. एकवीस भाग झाले तेव्हा कोणालाही खोलीत थांबवेना. म्हणजे माणसाच्या नाकाआधी त्याचा डोळा या वायूची खबर देतो, एवढे वीस वर्षे आधी छापून आलेले होते. कंपनीने स्वतः करविलेल्या प्रयोगांचे अहवाल मात्र त्या वेळी प्रसिद्ध नव्हते. ज्या शहरात हे द्रव्य टनावारी साठविले जात होते, तेथील वैद्यांच्या हाती त्याविषयीचे एक टिपणही असू नये, ही गोष्ट पुढील साऱ्या इतिहासाचे मूळ आहे.

डोळ्यावरच प्रथम आघात का व्हावा, याचे कारण त्या द्रव्याच्या स्वभावात आहे. ते पाण्याशी आणि प्रथिनांशी झटकन संयोग पावते. डोळ्याचा पृष्ठभाग अश्रूंनी सदैव ओला असतो, आणि बुबुळावरचे पारदर्शक पटल, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, शरीरातील सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे. वायू लागताच या पटलावरचा नाजूक थर जळाला. पापण्या मिटल्या असताना जो आडवा पट्टा झाकला जातो आणि उघड्या असताना उघडा राहतो, नेमक्या त्याच पट्ट्यात इजा अधिक आढळली. उजेड सहन होईना, पापण्या आवळल्या जात, आणि माणूस डोळस असूनही आंधळ्यासारखा चाचपडत चाले. त्या सकाळी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रुग्णालयाकडे निघालेल्या लोकांच्या रांगा पाहून भोपाळात हजारो माणसे अंध होणार, अशीच सर्वांची समजूत झाली. वृत्तपत्रांतही तसेच छापून आले.

उपचार साधेच होते. भरपूर पाण्याने डोळे धुणे, जंतुनाशक मलम, बाहुली विस्फारून वेदना कमी करणारे ॲट्रोपिनचे थेंब, आणि डोळ्यावर पट्टी. सुदैवाने निसर्गाने येथे वैद्यांना मोठी साथ दिली. पटलावरचा वरवरचा थर स्वतःच पुन्हा वाढतो. खालच्या थराला इजा पोहोचली नसेल तर डागही राहत नाही. बहुतेक रुग्णांचे डोळे काही दिवसांत उघडले. सार्वत्रिक अंधत्वाची भीती खरी ठरली नाही. दुर्घटनेनंतर 104 दिवसांनी एका नेत्रवैद्याने केलेली पाहणी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून निघणाऱ्या नियतकालिकात 1986 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा रोखही मोठ्या अंधत्वाच्या भीतीकडून रेंगाळणाऱ्या तक्रारींकडे वळलेला दिसतो. याच महाविद्यालयाच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसांच्या विकारांची पहिली निरीक्षणे 1985 मध्येच छापली होती. भोपाळच्या पहिल्या वैद्यकीय वाङ्मयात मुंबईचा वाटा असा लक्षणीय आहे.

तथापि डोळे उघडले म्हणजे बरे झाले असे समजणे चुकीचे ठरले असते, आणि ते तसे समजले गेले नाही याचे श्रेय काही चिकाटीच्या संशोधकांना आहे. मार्च 1985 मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या मंडळाचे डॉक्टर व कार्यकर्ते भोपाळात आले. सत्तरीच्या दशकात स्थापन झालेल्या या मंडळाचा सेवाग्राम आणि पुणे येथील वैद्यकमंडळींशी निकटचा संबंध आहे. त्यांनी एक साधी पण अचूक युक्ती केली. कारखान्यासमोरचे जयप्रकाश नगर त्यांनी घेतले, आणि तुलनेसाठी सुमारे दहा किलोमीटरवरची, तशीच गरीब असलेली अण्णा नगर ही वस्ती घेतली. दोन्हीकडे तेच प्रश्न त्याच पद्धतीने विचारले. खोकला, दम, अंधुक दिसणे, डोळ्यांतून पाणी येणे, पोटाच्या तक्रारी, स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी, साऱ्यांचेच प्रमाण जयप्रकाश नगरात पुष्कळ अधिक आढळले. झोपडपट्टीत राहणारे लोक एरवीही आजारीच असतात, त्यात वायूचा काय दोष, असे त्या वेळी सहज म्हटले जात होते. अण्णा नगरच्या आकड्यांनी त्या म्हणण्यातला जोर पुष्कळ कमी केला.

डोळ्यांचा सर्वांत व्यवस्थित अभ्यास नील अँडरसन आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी केला. दुर्घटनेनंतर थोड्याच काळात त्यांनी वायू लागलेल्या आणि न लागलेल्या वस्त्यांतील लोकांची तपासणी केली आणि तीन वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा शोधून काढले. शंभरांतील 93 माणसे पुन्हा सापडली. ज्यांनी कधी झोपडवस्तीत पत्ता शोधला असेल, त्यांना या 93 च्या आकड्यामागची पायपीट कळेल. तीन वर्षांनंतरही वायू लागलेल्या लोकांत डोळ्यांची चुरचुर, पापण्यांचा जंतुसंसर्ग, मोतीबिंदू आणि दृष्टी मंद होणे यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. पहिली जखम पूर्ण भरून येते, पण डोळा पुढे हळवा आणि संसर्गाला सोपा होऊन बसतो, असे हे चित्र होते. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला ‘भोपाळचा डोळा’ असेच नाव मिळाले. एखाद्या गावाचे नाव रोगाला लागावे ही गावाला भूषणाची गोष्ट नव्हे, पण निदान रोगाला नाव मिळाले. नाव मिळाले की डॉक्टर लक्ष ठेवतो, आणि रुग्णाला आपली तक्रार खोटी नाही असे वाटते.

डोळ्याची जखम बाहेर दिसते, म्हणून तिचा प्रश्न त्यातल्या त्यात लवकर सुटला. शरीराच्या आत काय घडले आहे या प्रश्नावर मात्र पहिल्याच आठवड्यात वाद पेटला. महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात मृतांचे रक्त आणि अवयव चेरीसारखे लाल दिसले. हे सायनाइडच्या विषबाधेचे लक्षण असू शकते. सायनाइडवर सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन हा जुना, स्वस्त आणि बऱ्याच अंशी निर्धोक उपाय आहे. त्याने विषाचे रूपांतर थायोसायनेटमध्ये होऊन ते लघवीवाटे निघून जाते. म्युनिकचे विषवैद्य माक्स डाउंडरर हे औषध घेऊन भोपाळला आलेही. कंपनीकडून सुरुवातीला आलेल्या संदेशात सायनाइडची शंका असल्यास हाच उपाय सुचविलेला होता. पुढे कंपनीने सायनाइडचा संबंध साफ नाकारला. राज्याच्या आरोग्यखात्यानेही हे औषध सरसकट देऊ नये अशी भूमिका घेतली. विषाचे नाव काय, हा प्रश्न एव्हाना औषधापुरता राहिला नव्हता. भरपाईच्या खटल्याची छाया त्यावर पडली होती.

संशोधन परिषदेने 1985 च्या आरंभी जी चाचणी केली ती दुहेरी अंध पद्धतीची होती. अशा चाचणीत काही रुग्णांना खरे औषध व काहींना निरुपद्रवी द्रव दिला जातो, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते व सुई टोचणाऱ्या डॉक्टरलाही नसते. आपल्या इच्छेने आपल्यालाच फसवू नये म्हणून शास्त्राने हा नियम घालून घेतला आहे. ज्यांना थायोसल्फेट मिळाले त्यांच्या लघवीतील थायोसायनेट वाढले आणि पुष्कळांना बरेही वाटू लागले. फेब्रुवारी 1985 मध्ये परिषदेने या औषधाच्या वापरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परिषदेचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरामाचारी यांनी पुढे दोन दशके या विषाच्या रक्तातील वाटचालीचा पाठपुरावा केला.

शास्त्राचा निर्णय झाला, पण औषध रुग्णापर्यंत पोहोचले नाही, ही भोपाळच्या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब म्हटली पाहिजे. स्थानिक वैद्यकवर्गात मतभेद कायम राहिले. धूम्रपान करणाऱ्यांच्या लघवीतही थायोसायनेट जास्त असते, हा त्यांच्या आक्षेपांतील एक रास्त मुद्दा होता. परंतु रास्त आक्षेपाचे उत्तर अधिक तपासणी हे असते. येथे घडले ते निराळेच. जून 1985 मध्ये हे औषध देणाऱ्या एका लोकचिकित्सालयावर पोलिसांची धाड पडली, डॉक्टर व कार्यकर्त्यांना अटक झाली, आणि इंजेक्शन कोणी कोणाला द्यावे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. विषबाधेवरचा उतारा जितक्या लवकर द्यावा तितका उपयोगी. न्यायालयाचे कामकाज ज्या गतीने चालते त्या गतीने शरीरातील विष थांबून राहत नाही.

या साऱ्या धुमाळीत एक मोठे काम मात्र शांतपणे सुरू झाले होते. परिषदेने वायू लागलेल्या भागांतील 80,021 आणि न लागलेल्या भागांतील 15,931 लोकांची नावनिशी घेतली. 3 ते 6 डिसेंबर 1984 या दिवसांत कोणत्या वस्तीत किती मृत्यू झाले त्यावरून तीव्र, मध्यम आणि सौम्य असे विभाग पाडले. हवेतील वायूचे मोजमाप त्या रात्री कोणीच केले नसल्यामुळे मृतांचीच मोजपट्टी करावी लागली. या लोकांकडे वर्षानुवर्षे जाऊन त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवावयाची, अशी योजना होती. जगात कोठेही रासायनिक दुर्घटनेनंतर एवढ्या मोठ्या लोकसमूहाचा असा मागोवा क्वचितच घेतला गेला असेल.

परंतु नोंदवही ही दुहेरी धारेची वस्तू आहे. 1987 पासून भरपाईसाठी वैद्यकीय तपासण्या सुरू झाल्या. साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या कागदांची छाननी होऊन त्यांतील दीड लाखांहून अधिक लोकांना काहीच दुखापत नाही असे ठरले, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आले आहे असे ज्यांच्या नावापुढे लिहिले गेले ते निघाले अवघे 40. दुर्घटनेच्या रात्री डोळ्यांत औषध घालून घेतलेल्या किती जणांजवळ त्याची चिठ्ठी असणार? रुग्णालयातल्या गर्दीत एकेक नाव लिहून घ्यायला कोणाला सवड होती? ज्याच्याजवळ कागद नाही त्याचा रोगही नाही, असा हिशेब मांडला गेला. फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरांवर तडजोड झाली ती अशा आकड्यांच्या छायेत, आणि दूरच्या काळात उद्भवणाऱ्या रोगांचा तोवर कोणाला अंदाजच नव्हता.

त्वचेची कथा थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. थंडीच्या दिवसांत लोक पांघरुणे घेऊन निजले होते आणि बाधा झाली ती मुख्यत्वे वाफेची, त्यामुळे त्वचेवरील इजा त्या मानाने कमी व सौम्य होत्या. फुप्फुसे व डोळे यांच्यापुढे तिकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुढे निराळ्याच वाटेने हा प्रश्न परत आला. कारखान्याचा रासायनिक कचरा आवारात आणि बाहेरच्या तलावांत साठवून ठेवलेला होता. त्यातील द्रव्ये झिरपून भूजलात गेली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने या जमिनीची व पाण्याची तपासणी केली. 1999 च्या ग्रीनपीस संस्थेच्या पाहणीत पारा आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये आढळली. आसपासच्या वस्त्यांतील लोक खाज, पुरळ, चट्टे यांच्या तक्रारी करीत राहिले, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला. यांतील अनेक जण 1984 नंतर तेथे राहावयास आलेले. वायुपीडितांच्या यादीत त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या त्वचारोगांचा, डोळ्यांचा झाला तसा तुलनात्मक आणि दीर्घकालीन अभ्यास झालेला नाही. जानेवारी 2025 मध्ये आवारातला सुमारे 337 टन कचरा पीथमपूरला नेऊन पुढे जाळण्यात आला. मातीत मुरलेले मात्र मातीतच आहे.

आता कर्करोगाकडे वळावे. या रोगाच्या बाबतीत संशोधकाला सर्वांत प्रथम धीर धरावा लागतो. हिरोशिमाच्या अणुबाँबनंतर रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच दिसू लागला, पण इतर अवयवांच्या कर्करोगांचे वाढते प्रमाण दिसावयास दशके लागली. तंबाखू ओढणाऱ्यालाही फुप्फुसाचा कर्करोग वीस-तीस वर्षांनी गाठतो. म्हणून भोपाळात त्या दृष्टीने पहिली गरज होती ती शहरातील प्रत्येक कर्करोग्याची नोंद करण्याची. ही कल्पना भारतात मुंबईने आणली, डॉ. जस्सावाला यांच्या प्रेरणेने इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग-नोंदणी सुरू केली होती. त्याच धर्तीवर ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भोपाळच्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयात नोंदणी सुरू झाली. रुग्णालये, रोगनिदान प्रयोगशाळा, मृत्यूचे दाखले, यांतून नावे गोळा करावयाची, एकच रुग्ण दोनदा मोजला जाणार नाही याची खबरदारी घ्यावयाची, आणि तो शहराचाच रहिवासी आहे का हे तपासावयाचे, असे हे किचकट काम आहे.

या नोंदणीच्या आधारे डॉ. राजेश दीक्षित व डॉ. शीला कान्हेरे यांनी नव्वदीच्या दशकात दोन महत्त्वाचे अभ्यास केले. फुप्फुस, घसा आणि तोंड यांचे कर्करोग झालेले रुग्ण एका बाजूला आणि त्याच शहरातील निरोगी लोक दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची तुलना होती. वायू लागलेल्या भागांत या कर्करोगांचे प्रमाण निश्चितपणे वाढले आहे असे 1992 पर्यंतच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले. त्याबरोबरच खरा परिणाम कळावयास पंधरा-वीस वर्षे लागू शकतील, अशी जाणीवही लेखकांनी दिली. दुसऱ्या अभ्यासात, जो 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, तंबाखूचा वाटा मोजला गेला. भोपाळातील फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे 83 टक्के धूम्रपानाच्या आणि तोंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे 66 टक्के तंबाखू खाण्याच्या माथी मारता येतात, असा हिशेब निघाला. बिडी, तंबाखू, गुटखा यांचे भोपाळात इतके प्राबल्य आहे की त्या आवाजात दुसऱ्या कोणत्याही कारणाचा क्षीण आवाज ऐकू येणे कठीण. डॉ. दीक्षित पुढे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात कर्करोगाच्या साथशास्त्राचे काम करू लागले.

अमेरिकेत उंदरांना दोन तास हा वायू हुंगवून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवण्याचा प्रयोगही झाला. 1989 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतूनही ठाम असे काही निघाले नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. ‘वाढ दिसली नाही’ आणि ‘वाढ झाली नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले विधान संशोधक करतो, दुसरे त्याच्या तोंडी घातले जाते. भोपाळच्या बाबतीत या भेदाला फारच महत्त्व आले, कारण पाहणेच मध्ये थांबले. संशोधन परिषदेने आपले काम 1994 मध्ये आवरते घेतले, म्हणजे दुर्घटनेला जेमतेम दहा वर्षे होत असताना. पुढचा मागोवा राज्य शासनाच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे 1995 पासून गेला. लोक स्थलांतर करीत होते, मरत होते, झोपड्या उठत होत्या. 80 हजारांच्या त्या यादीला दरवर्षी गळती लागली. परिषदेच्या लोकसंख्याविषयक अभ्यासाचा अहवालसुद्धा 2004 मध्ये बाहेर आला. कर्करोगासाठी ज्या वर्षांत डोळे उघडे ठेवावयास हवे होते, नेमक्या त्याच वर्षांत पापण्या मिटल्या गेल्या. 2010 मध्ये परिषदेने भोपाळात पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था उभारली, तेव्हा मधली पंधरा-सोळा वर्षे निघून गेली होती.

त्याच वर्षी एक मोठी विलक्षण गोष्ट घडली. केंद्र शासनाने वायुपीडितांसाठी वाढीव रकमा जाहीर केल्या, त्यांत कर्करोग आणि मूत्रपिंड पूर्ण निकामी होणे या दोन रोगांसाठी प्रत्येकी 2 लाख रुपये ठरविण्यात आले. शास्त्राने जो संबंध सिद्धही केला नव्हता आणि नाकारलाही नव्हता, तो खजिन्याने एका मर्यादेपर्यंत मान्य करून टाकला. तो रुग्णांच्या बाजूने झाला हे चांगलेच झाले. पण त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णाला पुन्हा त्याच कागदांच्या मागे धावावे लागले, आणि 1984 ची चिठ्ठी, 1987 ची तपासणी, प्रभागाचा दाखला असे गाठोडे घेऊन म्हातारी माणसे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागली. 9 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका द्यावी आणि सर्व वैद्यकीय नोंदी संगणकावर घ्याव्यात असा आदेश दिला. जे काम हमीदियाच्या आवारात पहिल्या आठवड्यात सुरू व्हावयास हवे होते, ते अठ्ठावीस वर्षांनी न्यायालयाला सांगावे लागले. अधिक भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका त्याच न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली.

त्यानंतर काही महिन्यांतच कॅलिफोर्नियातील संशोधकांचा एक अभ्यास ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी भोपाळात येऊन कोणाला तपासले नव्हते. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या, सर्वस्वी निराळ्या हेतूने गोळा झालेल्या आकड्यांतून त्यांनी दुर्घटनेच्या वेळी आईच्या पोटात असलेली माणसे वेगळी काढली. भोपाळपासून शंभर किलोमीटरच्या आत राहणाऱ्या अशा पुरुषांत, दूरच्या किंवा इतर वर्षी जन्मलेल्या पुरुषांच्या मानाने, काम करण्यास अडथळा आणणारे अपंगत्व आणि कर्करोग यांचे प्रमाण अधिक व शिक्षण कमी आढळले. हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवर आधारलेले आहेत, आणि वायूची मात्रा त्यांत कोठेच नाही; तेव्हा हा अखेरचा शब्द मानता येणार नाही. पण 80 हजारांच्या मूळ यादीचा माग अखंड ठेवला असता, तर असे आडवळणाने उत्तर शोधण्याची पाळी आली नसती, हेही तितकेच खरे.

त्या रात्री पोटात असलेली ती मुले 2025 मध्ये चाळीस वर्षांची झाली. कर्करोगाचे प्रमाण माणसात वाढू लागते ते याच वयापासून पुढे. भोपाळची कर्करोग-नोंदणी आज राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय अहवालात मुंबई, पुणे, नागपूर यांच्या रांगेत भोपाळचेही आकडे आहेत. त्या आकड्यांत कोणत्या प्रकारचा कर्करोग, कोणते वय, स्त्री की पुरुष, हे सारे वाचता येते. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री तो रुग्ण, किंवा त्याची आई, कोठे होती, हे मात्र त्या तक्त्यांवरून कळत नाही.